डाव्या भिंतीवरची रेघ

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. ती घडली तेव्हा मी त्याच खोलीत होते. पलंगावर बसून जुन्या चादरींच्या घड्या घालत होते. माझे गुडघे गेलेत, पण डोळे आणि कान शाबूत आहेत. तेव्हा म्हातारीला भास झाला असेल, असं म्हणून कुणी ही गोष्ट निकालात काढू नये.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

थंडीतली दुपार होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी गादी बडवत होतं. अशा वेळी कोण घाबरतं?

मीही घाबरले नव्हते. तेव्हा.

गोष्ट माझ्या धाकट्या बहिणीची आहे. सत्तरीला टेकली तरी घरात ती अजून धाकटीच. तिच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचा आणि मेहुण्यांचा लहानसा छापखाना होता. बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं, दुकानांची पत्रकं. ती कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायची, मेहुणे छापायचे आणि कापायचे. मेहुणे ताडमाड उंच, आणि ही त्यांच्या काखेत मावेल एवढी. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं तरुणपणीच कटिंग मशीननं नेली होती. लग्न ठरवायला आले तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "आठ बोटांचा नवरा चालत असेल तर बघा."

धाकटी म्हणाली होती, "चालेल. भांडणात दोन कमी."

असं ते जोडपं.

उजवा हात जपायची सवय लागल्यामुळे मेहुणे सगळीकडे डावा हात पुढे करायचे. दिवे गेले की डावा हात भिंतीला लावून चालायचे. पुढे दिवे असतानाही तसंच चालायला लागले. हाताला शाई असायचीच. त्यामुळे छापखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत, डाव्या भिंतीवर, त्यांच्या खांद्याच्या उंचीवर एक करडी रेघ उमटली होती. धाकटी ओरडायची. ते म्हणायचे, "अगं, भिंत सोडली नाही की माणूस दारापर्यंत पोचतोच."

आता गेमबद्दल सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

खूप वर्षांपूर्वी कॉम्प्युटर दुरुस्तीला येणाऱ्या मेकॅनिकनं त्यांना एक गेम घालून दिला. तेव्हा तो मेकॅनिक कोवळा होता, आता त्याच्या डोक्यावर चंद्र उगवलाय. गेममध्ये कुठल्यातरी ओसाड ग्रहावर एक मोठं केंद्र होतं. तिथली माणसं नाहीशी झालेली. एक सैनिक हेल्मेट घालून, बंदूक घेऊन तिथं शिरतो. सैनिक आपल्याला दिसत नाही. त्याच्या डोळ्यांतून आपण बघतो. बंदुकीची नळी तेवढी समोर दिसते. आणि ऐकू येतो त्याचा श्वास. लोखंडी जमिनीवर बूट... आणि हेल्मेटमधला श्वास.

हा गेम एकट्यानं खेळायचा असतो. डावा हात की-बोर्डवर, त्यानं चालायचं. उजवा हात माऊसवर, त्यानं बघायचं आणि गोळी मारायची.

मेहुण्यांना माऊस धरता येत नव्हता.

मग त्यांनी काय केलं, तर एक माणूस दोघांत वाटून घेतला. मेहुणे डावीकडे स्टुलावर बसायचे, की-बोर्ड त्यांच्याकडे. धाकटी उजवीकडे खुर्चीवर, माऊस तिच्याकडे. ते पाय. ती डोळे आणि बंदूक. सैनिकाला ते 'आपला गडी' म्हणायचे. अंगावर धावून येणाऱ्या आठ पायांच्या यंत्रांना 'पाहुणे'.

"उजवीकडे पाहुणे आलेत गं."

"दिसले. तुम्ही जरा मागं व्हा, मला आवरू दे त्यांचं."

मी कधी गेले की हे ऐकत बसायची. हसून हसून पोट दुखायचं. दिवसभर कागदाशी झुंजून दोघं संध्याकाळी त्या ओसाड ग्रहावर फिरायला जायचे, जसे इतर लोक तळ्याकाठी जातात.

तिथंही मेहुणे डावी भिंत सोडायचे नाहीत. आपला गडी सगळं केंद्र डाव्या भिंतीला खांदा घासत फिरायचा.

आणि दारांचा एक नियम होता. प्रत्येक नव्या दारापुढं मेहुणे थांबायचे आणि विचारायचे, "जाऊ का?"

धाकटी म्हणायची, "थांबा, बघू दे."

ती माऊसनं आत डावीकडे बघायची. मग उजवीकडे. मगच म्हणायची, "जा."

तिनं बघितल्याशिवाय ते एक पाऊल टाकत नसत. कधीच नाही.

शेवटच्या टप्प्यात एक लांब बोळ होता. तिथं हवा नाही. खाली कोपऱ्यात निळी पट्टी असते, गड्याच्या टाकीतल्या हवेची. ती कमी होत जाते. पट्टी संपली की गडी गुडघ्यांवर कोसळतो, पडदा लाल होतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. बोळाच्या टोकाला शेवटचं दार. त्या दारापर्यंत ते दोघं कितीतरी वेळा गेले आणि कितीतरी वेळा पडले.

एका संध्याकाळी ते बोळाच्या तोंडाशी खेळ साठवून उठले. मेहुण्यांना दम लागत होता. आयुष्यभर कागदाची धूळ छातीत गेलेली.

"उद्या बघू," ते म्हणाले.

पहाटे त्यांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं.

मी तिथं होते. लांब पांढरा बोळ. चाकांचा पलंग. टोकाला दोन झडपांचं दार, आत फक्त त्यांनाच नेणार होते. तोंडावर मास्क, त्यामुळे त्यांचा श्वास मोठ्यानं ऐकू येत होता. धाकटी मान खाली घालून थर्मासचं झाकण शोधत होती. कुठंतरी घरंगळलं होतं. पलंग दाराशी जरासा थांबला. मेहुण्यांनी मास्क बाजूला केला आणि विचारलं, "जाऊ का?"

ती खालीच बघत होती. तशीच म्हणाली, "जा."

दार मिटलं.

ते परत आले नाहीत.

धाकटी रडली नाही. लोकांनी कौतुक केलं, किती खंबीर आहे म्हणून. खंबीर माणूस वेगळा दिसतो. ही जेवायची, झोपायची, विचारलं तर उत्तर द्यायची. चहा समोर ठेवला की त्यावर साय धरेपर्यंत बघत राहायची. एकदा तिनं गॅसवरचं पातेलं सांडशीशिवाय उचललं आणि शांतपणे ओट्यावर ठेवलं. बोटं भाजून पांढरी पडली होती. मी किंचाळले, तेव्हा तिनं हाताकडे बघितलं.

"गरम होतं वाटतं," ती म्हणाली.

अशी बरीच वर्षं गेली. छापखाना बंद झाला, यंत्रं गेली. शेवटी माझ्या मुलीनं लकडा लावला, की मावशीनं आता आपल्याकडेच राहावं. घर रिकामं करायचं ठरलं. त्यासाठीच मी त्या दुपारी तिच्याकडे होते.

मेकॅनिक जुना कॉम्प्युटर न्यायला आला. तोच, चंद्रवाला. ढबोळ्या पडद्याचं मोठं धूड, वर प्लॅस्टिकचं कव्हर. मेहुणे गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता.

"मावशी, हे आता संग्रहालयात पण घेणार नाहीत," तो म्हणाला. "सुटे भाग काढून घेतो."

"आधी सुरू होतो का बघ," धाकटी म्हणाली.

त्यानं बटण दाबलं. बराच वेळ घरघर झाली. मग पडदा उजळला.

"कमाल आहे. जुनं हाड." त्यानं की-बोर्डवर बोटं चालवली. काहीच उमटेना. उलटा करून झटकला, तर आतून झुरळाचे पंख पडले. "हा मेला. माऊस तेवढा चालतोय. कोपऱ्यावरच्या दुकानातून एक घेऊन येतो, मग आतली जुनी कामं हवीत का बघा." त्यानं की-बोर्डची वायर उपसली, गुंडाळली आणि सगळं उचलून कपाटावर ठेवलं.

त्यानं वायर काढलेली मी बघितली. कपाटावर ठेवतानाही बघितलं. हे लक्षात ठेवा.

तो गेला. मी चादरी घेऊन बसले.

जरा वेळानं मला श्वास ऐकू आला.

मला वाटलं, धाकटीचा. मग वाटलं, माझाच...

मान वळवली. धाकटी आपल्या जुन्या खुर्चीवर बसली होती, उजवीकडे सरकून. तिनं माऊसनंच तो खेळ उघडला होता. डावा हात मांडीवर. शेजारचं स्टूल रिकामं. पडद्यावर तो बोळ होता, आणि कोपऱ्यातली निळी पट्टी.

"काय करतेस गं?"

"बघतेय, ताई. नुसतं."

आणि खरंच ती नुसती बघत होती. माऊस हलवला की गडी मान वळवायचा. डावीकडे, उजवीकडे, वरच्या पाइपांकडे. चालणं शक्यच नव्हतं. चालायचा की-बोर्ड कपाटावर होता.

निळी पट्टी हळूहळू कमी होत होती.

मग... बूट वाजला.

एकच. लोखंडावर.

मी चादर खाली ठेवली.

दुसरा वाजला. पडद्यावरची जमीन पुढे सरकली. बंदुकीची नळी चालताना हलते तशी हलली. धाकटीचा उजवा हात माऊसवर होता, डावा मांडीवर. दोन्ही मला स्पष्ट दिसत होते.

गडी चालायला लागला.

मधून नाही. तो आधी डावीकडे गेला, भिंतीला खांदा टेकला, आणि मग भिंत धरून पुढे निघाला.

मी देवाचं नाव घेतलं.

"धाकटे..."

"मी नाही चालवत, ताई," ती म्हणाली. भाजी निवडताना बोलावं तसं.

त्या बोळात पाहुणे असायचे. जाळीमागून, छतातून खाली उतरायचे. ते सगळं मला पाठ होतं. ती वळणं आली आणि गेली. जाळ्या बंदच राहिल्या. कुणी उतरलं नाही. सगळा बोळ रिकामा. नुसते बूट... आणि श्वास.

तो श्वासही आता वेगळा वाटायला लागला. खेळातला श्वास एकसारखा असतो, यंत्रासारखा. हा अडकत होता. आत घेताना शेवटी बारीक शिट्टी वाजत होती. ती शिट्टी मी हॉस्पिटलच्या बोळात ऐकली होती.

समोरच्या गच्चीवर गादी बडवणं कधीच थांबलं होतं. मला ते तेव्हा कळलं.

गडी शेवटच्या दाराशी पोचला आणि उभा राहिला.

दाराशेजारी लाल दिव्याचं बटण होतं. ते माऊसनं दाबायचं असतं. धाकटीचं काम. तिनं दाबलं. दिवा हिरवा झाला. दार दोन्ही बाजूंना सरकलं.

गडी जागचा हलला नाही.

निळी पट्टी नखाएवढी उरली होती.

कुणी काही विचारलं नाही. मला कसलाही आवाज आला नाही, उगीच खोटं कशाला सांगू? पण आम्हां दोघींना माहीत होतं, की प्रश्न विचारून झालाय आणि तो उत्तरासाठी थांबलाय.

श्वास अडकला. सुटला. पुन्हा अडकला.

"म्हण ना गं," मी कशीबशी म्हणाले. "त्यांना त्रास होतोय. जा म्हण."

"थांब, बघू दे," धाकटी म्हणाली.

तिनं माऊस सावकाश सरकवला. दारातून आत डावीकडे बघितलं. मग उजवीकडे. मी पण बघितलं. मी लांब होते, पण बघितलं.

पलीकडं काही नव्हतं.

अंधार नव्हता. अंधाराला भिंती असतात, तळ असतो. इथं काढलेलंच काही नव्हतं. कोऱ्या कागदाला निदान रंग तरी असतो.

धाकटी बराच वेळ बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. निळी पट्टी संपली.

"थांबा," ती म्हणाली.

श्वास बंद झाला.

आता गडी कोसळणार, पडदा लाल होणार. मी डोळे बारीक करून वाट बघत राहिले.

तो कोसळला नाही. पडदा लाल झाला नाही. उघड्या दारापुढं, श्वास न घेता, तो तसाच उभा राहिला.

जिन्यावर मेकॅनिकची पावलं वाजली. नवा की-बोर्ड काखेत मारून तो आत आला आणि पडद्याकडे बघून हसला. "मावशी, अजून खेळता होय? आणि इथवर आलात?" मग त्याची नजर कपाटावर गेली. मग कॉम्प्युटरच्या मागच्या रिकाम्या भोकाकडे. मग धाकटीच्या डाव्या हाताकडे.

"कशानं चालवलंत?"



"आणि हवा संपलीय तरी हा उभा कसा?"

त्यानं भिंतीवरचं बटण बंद केलं. पडदा एका ठिपक्यात मिटला. धाकटी उठली आणि माझ्याजवळ येऊन चादरीचं दुसरं टोक धरलं. आम्ही घडी घातली. तिचा हात माझ्या हाताला लागला. गार नव्हता, गरमही नव्हता.

त्या आठवड्यातच ती माझ्याकडे राहायला आली.

मेकॅनिक तो कॉम्प्युटर आपल्या घरी घेऊन गेला होता. काही दिवसांनी त्याचा फोन आला. धाकटी न्हाणीघरात होती, म्हणून मी घेतला.

"तुम्ही त्या दिवशी खेळ साठवला होता का?" त्यानं विचारलं.

"नाही. तूच तर बटण बंद केलंस."

तो म्हणाला, "सुरू केला की तो तिथंच उभा असतो. मेनू येत नाही, काही नाही. त्याच दारात. माझी बायको म्हणते, ते घरात नको. पुसून टाकू का सगळं?"

मी धाकटीला विचारायला हवं होतं. पण तिचं उत्तर मला नको होतं.

"टाक पुसून," मी म्हणाले.

त्यानं पुसलं. संध्याकाळी तसं कळवलंही.

मला वाटलं, सुटलो.

माझ्या घराला त्याच साली रंग दिला होता, पांढरा. एक दिवस ऊन तिरपं पडलं आणि मला पॅसेजच्या डाव्या भिंतीवर काहीतरी दिसलं. अगदी पुसट. मी ओल्या फडक्यानं पुसलं. चार दिवसांनी पुन्हा दिसलं, जरा गडद.

करडी रेघ.

बाहेरच्या दारापासून सुरू होते. धाकटीच्या डोक्याच्याही जरा वर, मेहुण्यांचा खांदा यायचा तेवढ्या उंचीवर. या घरात तेवढ्या उंचीवर कुणाचाच खांदा येत नाही.

रेघ भिंत सोडत नाही. बैठकीच्या दारावरून पुढे जाते. स्वयंपाकघराच्या दारावरून पुढे जाते. आणि माझ्या खोलीच्या चौकटीशी येऊन थांबते.

आत येत नाही.

मी धाकटीला तिथं नेऊन उभं केलं. ती आधी रेघेकडे बघत राहिली, मग चौकटीकडे.

"हात धुवायला सांगून दमले गं यांना," ती म्हणाली.

"अगं, मोकळं कर त्यांना. एकदा जा म्हण आणि सोड."

"न बघता कसं म्हणू, ताई?" आवाज तसाच, सपाट. "एकदा म्हटलं तेवढं पुरे."



तेव्हापासून मी या घरात कुणालाही 'जा' म्हणत नाही. चौकटीशी थांबलेल्यानं ऐकलं तर? नाती बाहेर निघाल्या की नुसता हात हलवते. मांजरालाही हाकलत नाही. माझी मुलगी हसते, म्हणते आईला म्हातारचळ लागला. लागू दे.

दुपारी जेवण झालं की मी पलंगावर आडवी होते. धाकटी येते आणि माझ्या दारात उभी राहते. आत पाऊल टाकत नाही. खोलीत डावीकडे बघते. सावकाश. मग उजवीकडे, कपाटापासून खिडकीपर्यंत. मग माझ्याकडे बघते, बराच वेळ. मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग करते.

मग ती मान जराशी मागं वळवते आणि पॅसेजकडे बघून हळूच म्हणते...

"अजून थांबा."